ग्रेनकाका

घरात फोटोंचा अल्बम निघाला की बहुतेक माणसं आधी स्वतःला शोधतात. स्वतः सापडलो, बरे दिसलो, की मग इतरांची पोटं, टकलं आणि बेलबॉटम यांवर बोलायला मोकळी होतात. आमच्या सोसायटीतले ग्रेनकाका यातलं काहीच करत नाहीत. ते थेट फोटोच्या कोपऱ्यात शिरतात. जिथे नुसतं आभाळ आहे, भिंत आहे किंवा कुणाच्या तरी कोटाची पाठ आहे, अशी जागा ते हेरतात. चष्मा कपाळावर चढतो, खिशातून दहापट मोठं दाखवणारं भिंग निघतं आणि नाक कागदाला टेकतं. आपण गप्प बसायचं. थोड्या वेळाने निदान होतं, "ट्राय-एक्स. डेव्हलपर गरम होता."

तो फोटो आपल्या मुंजीचा असतो.

हा प्राणी फक्त आमच्याकडेच आहे असं नाही. कृष्णधवल फोटोंच्या कुठल्याही प्रदर्शनाला जा. चांगला फोटो दिसला की साधा माणूस दोन पावलं मागे सरतो. हा चार पावलं पुढे जातो, आणि राखणदार "काचेला हात लावू नका" म्हणेपर्यंत पुढेच जात राहतो. मुंबईत फोर्टातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत तो काउंटरवर कोपर टेकून उभा असतो आणि काही विकत घेत नाही. फोटो काढायची त्याला घाई नसते. कुठल्या फिल्मवर काढावा, हे अजून ठरायचं असतं.

ग्रेनकाका बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. रेघेवर प्रेम जडलं ते तिथेच. पण फिल्मचं वेड मात्र टंचाईतून आलं. त्यांच्या तरुणपणी दुकानात मिळायची ती आपल्या सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू'. कंपनी १९६० साली निघाली आणि १९६७ पासून उटीच्या थंड, धूळ नसलेल्या हवेत तिचा कारखाना फिल्म बनवू लागला. नाहीतर मिळायची पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनची ओर्वो. कोडॅकची ट्राय-एक्स १९५४ पासून पस्तीस मिलिमीटरमध्ये होती खरी, पण ती मिळण्यासाठी कुणाचा तरी भाऊ परदेशात असावा लागे, आणि त्या भावाने आधी स्वतःच्या बहिणीसाठी साडी घेतलेली असली तरच बॅगेत फिल्मला जागा मिळे. काही नाही तर सिनेमाच्या रिळांचे उरलेसुरले तुकडे अंधारात कापून जुन्या डब्यांत भरायचे. टंचाईत माणूस निवड करत नाही, मिळेल ते घेतो. आणि पुढे सगळं मिळू लागलं की राहिलेली निवड आयुष्यभर करत बसतो.

काकांची प्रयोगशाळा गच्चीत आहे. तिथे पाण्याच्या टाकीखालची एक भिंत गिलावा न करता तशीच ठेवलीय. सोसायटीच्या तीन सेक्रेटऱ्यांनी ती लिंपायचा ठराव आणला, काकांनी तिन्ही वेळा हाणून पाडला. कारण त्या उघड्या विटांवर फिल्मची खरखर कळते. विटांच्या मधोमध पंचांगाचं एक पान चिकटवलेलं असतं. विलायतेत आणि अमेरिकेत यासाठी रेघारेघांचे खास तक्ते मिळतात. काका म्हणतात, आपल्या पंचांगाइतकं बारीक छापणारा देश दुसरा नाही. निगेटिव्हवर भिंग लावून तिथी वाचता आली तर फिल्म बरी, नक्षत्र वाचता आलं तर चांगली, आणि घटका-पळं वाचता आली तर काकूंना हाक मारून पेढे मागवतात. काका स्वतः कट्टर नास्तिक आहेत. पण अमुक महिन्याच्या अमुक तारखेला राहुकाळ कधी होता, हे त्यांच्याइतकं अचूक सांगणारा ज्योतिषीही आमच्या भागात नाही.

पंचांगाच्या शेजारी खुर्ची आणि खुर्चीवर काकू. माणसाच्या कातडीचा टोन तपासायचा तर माणूस हवा, आणि घरात दुसरं माणूस नाही. काकूंच्या एका हातात अठरा टक्क्यांचं करडं कार्ड आणि दुसऱ्या हातात पाटी. पाटीवर खडूने फिल्मचं नाव, एएसए म्हणजे फिल्मचा वेग, डेव्हलपर, त्यात पाणी किती, लेन्सचं छिद्र किती. हे सगळं रविवारी उजाडताना, रस्त्यावरून पहिली बस जाण्याआधी चालतं, कारण बस गेली की इमारत हलते आणि इमारत हलली की घटका-पळं जातात. तिपाई, केबल रिलीज, कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर उचललेला. मग काका ओरडतात, "हलू नकोस!" काकूंचे लग्नानंतरचे बहुतेक सगळे फोटो असे पाटीसकट आहेत. एकदा अल्बम दाखवताना त्या मला म्हणाल्या, "बघणाऱ्याला वाटेल, बाई पुन्हा पकडली."

या चाचण्यांचं फलित ऐकायचं असेल तर वेळ काढून जावं लागतं. मी एकदा काढला.

"टी-मॅक्स शंभर घे," काका म्हणाले. "कोडॅकच्या कागदावर काय दिलंय? मिलिमीटरला दोनशे रेघा. आणि ट्राय-एक्स? शंभर."

"म्हणजे टी-मॅक्स दुप्पट चांगली," मी म्हणालो.

ते याचीच वाट बघत होते. "थांब! हा आकडा हजाराला एक कॉन्ट्रास्टचा. म्हणजे काळी रेघ आणि पांढरी रेघ यांच्या उजेडात हजारपट फरक. असा फरक तुझ्या घरात कुठे आहे मला दाखव. काकूच्या पदराची चुणी बघ, गालाखालची सावली बघ. तिथे दीडपट फरक असला तरी डोक्यावरून पाणी. त्यासाठी त्याच कागदावर खाली दुसरा आकडा असतो, एक पूर्णांक सहाला एक. तिथे टी-मॅक्स त्रेसष्टवर येते आणि ट्राय-एक्स पन्नासवर. राहिला किती फरक?"

"तेरा."

"तेराही नाही! अजून लेन्स कुठे धरलीस? शंभराची लेन्स आणि शंभराची फिल्म, एकत्र किती?"

आता आपण शहाणे झालो, असं समजून मी म्हणालो, "शंभरच."

"पन्नास! दोघींचे व्यस्त घ्यायचे आणि त्यांची बेरीज करायची. एक शतांश अधिक एक शतांश, म्हणजे एक पन्नासांश. शिवाय तुझा हात हलणार, फोकस केसभर पुढेमागे होणार, एन्लार्जरच्या लेन्सचं वेगळंच. प्रत्येक जण आपला वाटा कापून घेतो."

मग त्यांनी माणसाचा डोळा काढला. वीतभर अंतरावरून डोळ्याला मिलिमीटरला पाच-सहा रेघा सुट्या दिसल्या तरी पुष्कळ. आठ बाय दहाचा प्रिंट म्हणजे पस्तीस मिलिमीटरची निगेटिव्ह आठपटीहून थोडी जास्त वाढवलेली. म्हणजे निगेटिव्हवर पन्नासच्या आगेमागे रेघा असल्या की काम झालं.

"म्हणजे ट्राय-एक्सनेही भागतं की!"

"भागतंय ना. कुणी नाही म्हटलंय?"

"मग हे सगळं कशाला?"

काकांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "डोळ्याला दिसत नाही म्हणून ते नसतं का?" हा प्रश्न एरवी आस्तिक लोक विचारतात. नास्तिक काकांची श्रद्धा तेवढी घटका-पळांपाशी येऊन थांबली होती.

दाण्यांवर, म्हणजे ग्रेनवर, बोलायला मात्र ते स्वयंपाकघरात जातात. एका ताटलीत साबुदाणा, दुसरीत पातळ पोहे. "ही ट्राय-एक्स," साबुदाण्यात बोट फिरवत ते सांगतात. "चांदीच्या क्षारांचे असे जाड, ओबडधोबड स्फटिक. अगदी गोल नसतात, पण तू समजून घे. आणि ही टी-मॅक्स. कोडॅकने १९८६ साली आणली. स्फटिक चपटे, पोह्यासारखे आडवे पडलेले. वजन तेवढंच, पण उजेडाला अंगभर तोंड देतात. म्हणून दाणा बारीक ठेवूनही वेग मिळतो. पुढे इल्फर्डनेही आपल्या डेल्टा फिल्ममध्ये तीच वाट धरली." शास्त्र इतक्या सोप्या भाषेत मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही. काकूंची तक्रार एवढीच की व्याख्यान संपताना दोन्ही ताटल्या एकत्र होतात, आणि साबुदाणा-पोह्यांचं मिळून काय करायचं ते कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

रेघा आणि दाणे हा त्यांच्या मते प्राथमिक शाळेचा अभ्यास. खरी परीक्षा टोनची. हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी १८९० साली उजेड आणि काळेपणा यांचा जो आलेख मांडला, तो काकांच्या दिवाणखान्यात, इतरांकडे कुलदैवत असतं त्या जागी लावलेला आहे. खाली पाय, मध्ये सरळ चढण, वर खांदा. पायाशी सावल्या, खांद्याशी उजेड. टी-मॅक्सची चढण लांब आणि सरळ. डेव्हलपरमध्ये जराही जास्त वेळ राहिली तर तसं तोंडावर सांगते. ट्राय-एक्स समजून घेणारी, पुष्कळ चुका पोटात घालते. हा आलेख इतका अंगात भिनलाय की काका माणसंही त्याच्यावरच बसवतात. पुतणीला बघायला आलेल्या मुलाबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "मुलगा चांगला आहे, पण खांदा फार लवकर येतो." मुलाच्या आईने पुढे तीन महिने त्याला शिंप्याकडे नेऊन कोट बदलून घेतले.

लोकांना त्यांच्या या ज्ञानाचा प्रसाद मिळाला तो एका मुंजीत. मे महिना, मांडवाबाहेर निळं आभाळ आणि त्यात वळवाचे पांढरेशुभ्र ढग. काकांनी लेन्सवर लाल फिल्टर चढवला. लाल फिल्टर निळा उजेड अडवतो, आभाळ काळंभोर होतं आणि ढग उसळून वर येतात. त्या ढगांखाली काकांनी घरातल्या यच्चयावत सासवा, जावा, नणंदा एका ओळीत उभ्या केल्या. फोटो धुऊन आला आणि हाहाकार झाला. एकीच्याही कपाळावर कुंकू नव्हतं. नवरे मागच्या ओळीत धडधाकट उभे.

"लाल फिल्टर लाल रंगाला तसाच आत सोडतो," काका जमावाला समजावत होते. "त्यामुळे कुंकू उजळलं. कातडीतही तांबूसपणा असतो, तीही उजळली. दोन्ही एकाच टोनला आली, एवढंच. उलट पणजीचा फोटो आठवा. तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला लाल दिसायचंच नाही, म्हणून तिचं कुंकू काजळासारखं काळं आलंय. फिल्टर न लावता पॅनक्रोमॅटिकवर काढलं असतं तर मधलं करडं आलं असतं."

सगळ्यांत थोरल्या आत्याबाई फोटोवरून नजर न काढता म्हणाल्या, "मेल्या, आमचे सगळ्यांचेच एकदम संपवलेस?"

"पण ढग बघा ना, आत्या," काका म्हणाले.

तेव्हापासून नात्यातल्या कार्यांना त्यांना बोलावणं येतं, पण पत्रिकेवर हाताने लिहिलेलं असतं, 'कॅमेरा आणू नये'. काकांना त्याचं वाईट वाटलं नाही. कार्यात उजेड कधीच स्थिर नसतो, असं त्यांचं पूर्वीपासूनचं मत होतं.

फिल्म धुण्याचा दिवस म्हणजे घरात सोवळं. डी-७६ हा १९२७ सालापासून चालत आलेला डेव्हलपर काका घरीच करतात. लिटरभर पाण्याला मेटॉल दोन ग्रॅम, सोडियम सल्फाइट शंभर, हायड्रोक्विनोन पाच, बोरॅक्स दोन. मेटॉलच्या दोन ग्रॅमसाठी त्यांनी सोनाराकडून जुना काटा आणलाय. लग्नात काकूंचं सोनं जितकं काटेकोर मोजलं गेलं नव्हतं तितकं हे मोजलं जातं. द्रावण वीस अंश सेल्सिअसला हवं, आणि पुण्यात मे महिन्यात नळालाच तिशीच्या वरचं पाणी येतं. मग फ्रीजमधला सगळा बर्फ बाथरूममध्ये जातो. पाहुण्यांना पन्हं कोमट मिळतं. दर तीस सेकंदांनी पाच सेकंद टाकी उलटीसुलटी करायची. आतून काकांचा आकडे मोजण्याचा आवाज येत राहतो, बाहेर आंघोळीसाठी टॉवेल घेऊन माणसं ताटकळत असतात. शेवटी टी-मॅक्स असेल तर पाणी गुलाबी होऊन वाहतं, आणि गुलाबी छटा फिल्मवर राहिली तर फिल्म पक्की करणारा हायपो दमलाय म्हणून पुन्हा पहिल्यापासून. कपड्यांच्या दोरीवर, बनियनच्या शेजारी, चिमटा लावून ओली फिल्म लोंबू लागते. तिच्यावर छत्तीस वेळा तीच भिंत असते.

काकांना तोडीस तोड असा एकच माणूस, पलीकडच्या इमारतीतले निवृत्त बँक मॅनेजर. ते इल्फर्ड एचपी-फाइव्हचे. ही १९७६ची, म्हणजे काकांच्या हिशेबाने कालची पोर. दोन्ही फिल्म चारशे एएसएच्या, दोन्ही साबुदाणा गटातल्या, आणि म्हणूनच भांडण कडवट. काकांच्या मते एचपी-फाइव्हचे फोटो भात करपू नये म्हणून कच्चा उतरवावा तसे. मॅनेजरसाहेबांच्या मते ट्राय-एक्सवाल्यांना सावलीत काही असतं हेच माहीत नाही. एकदा गोष्ट फारच हातघाईवर आली तेव्हा मॅनेजरसाहेब मागे काही न लिहिलेले जुने प्रिंट आणि एक वही घेऊन आले. म्हणाले, "ओळखा."

आम्ही सोसायटीतले चारपाच जण पंच म्हणून बसलो. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. पहिला प्रिंट. "एचपी-फाइव्ह. छायाचित्रकाराने मीटर न बघता काढलाय." मॅनेजरसाहेबांनी वहीत बघून मान हलवली. दुसरा ट्राय-एक्स. तिसऱ्याला काका आभाळावर बराच वेळ रेंगाळले आणि म्हणाले, "टी-मॅक्स. निळा उजेड हिला जरा कमी दिसतो, म्हणून आभाळ बिनफिल्टरचं असूनही थोडं उतरलंय." बरोबर. मॅनेजरसाहेबांचा चेहरा पडत चालला. शेवटचा प्रिंट सिंहगडावरचा. बुरुजापाशी बसून एक तरुण मडक्यातलं दही खातोय.

"ओर्वो. एनपी बावीस," काका भिंग न उचलता म्हणाले. "दोन स्टॉप उजेड जास्त झालाय. शिवाय कॅमेरा हललाय."

तेही बरोबर निघालं. टाळ्या झाल्या. मॅनेजरसाहेबांनी हात पुढे केला. तेवढ्यात चहाचा ट्रे ठेवता ठेवता काकूंनी तो प्रिंट उचलला.

"आणि हा दही खाणारा कोण?"

"असेल कुणीतरी. फोकस त्याच्या मागच्या दगडावर आहे."

"अहो, हे तुम्ही आहात."

काकांनी प्रिंट परत घेतला आणि प्रथमच भिंग कोपऱ्यातून मध्यावर आणलं. आम्हाला वाटलं, आता तरी हा माणूस विरघळेल. ते म्हणाले, "केस सुटे मोजता येतायत. म्हणजे लेन्स बरी होती."

माझं काकांशी भांडण एवढंच की त्यांना सगळं कळतं, फक्त फोटोत कोण आहे ते कळत नाही. ते एकदा बोलून दाखवलं, तर त्यांनी मला फ्रीजपाशी नेलं. फ्रीझरमध्ये श्रीखंडाच्या डब्याला लागून एक स्टीलचा डबा होता, वर काकूंच्या अक्षरात 'खाऊ नये'. आत आता न बनणाऱ्या फिल्मची रिळं. बत्तीस एएसएची पॅनॅटॉमिक-एक्स, २०११ साली बंद झालेली प्लस-एक्स, आणि दाणा जवळपास दिसतच नाही अशी टेक्निकल पॅन.

"वापरत का नाही?" मी विचारलं.

"वापरली तर संपेल."

"आणि नाही वापरली तर?"

"तर तुलना करायला शिल्लक राहील," काका म्हणाले, आणि डबा जपून श्रीखंडाशेजारी ठेवला.

गेल्या पावसाळ्यानंतर एका रविवारी मी गच्चीत होतो. चाचणी आटोपली होती, रिळात शेवटची एक चौकट उरली होती आणि ती कशावर खर्च करावी याचा काका विचार करत होते. काकू खुर्चीवरून उठल्या. "बसा तुम्ही." काका इतके चकित झाले की बसले. काकूंनी पाटी पुसली, खडूने काहीतरी लिहिलं आणि अक्षरं कॅमेऱ्याकडे करून त्यांच्या हातात दिली.

"छिद्र आठ," काका खुर्चीतून सांगू लागले, "शटर अष्टमांश सेकंद, आधी आरसा वर..."

"गप्प बसा. बोलायचं नाही. पाटी वर. अजून वर. हनुवटी खाली. कार्ड उजेडात धरा. हलू नका म्हटलं ना!" वर्षानुवर्षं ऐकलेलं सगळं काकू एका दमात परत करत होत्या. काकांनी पाटीवर काय लिहिलंय ते बघायला ती जरा तिरकी केली. तिथे होतं, 'नवरा. ४०० एएसए. मुदत उलटून गेलेली.' त्याच क्षणी काकूंनी केबल दाबली.

आठवड्याने प्रिंट तयार झाला. काकांनी चष्मा वर केला, भिंग काढलं, विटांवरून पंचांगावर गेले, पंचांगावरून खुर्चीवर आले आणि समाधानाने म्हणाले, "बघ. कॅमेरा हललाय."

काकूंनी विचारलं, "राहुकाळ वाचता येतोय?"

"येतोय."

"घटका-पळं?"

काका थांबले. "तीही येतायत."

"मग कॅमेरा नाही हलला," काकू म्हणाल्या. "तुम्ही हसलात."